पुन: पुन: रविवारचा सॅव्हॉय चहा – बसचं दार!!

शैलाताई:
मंडळी, सुलूमावशी गळाल्या, नातवाला कांजिण्या. म्हणजे आपण तेरा. ते राहू दे. ड्रायव्हर म्हणतो, सॅव्हॉय हॉटेलच्या दारापर्यंत जाणाऱ्या बोळात, सॅव्हॉय कोर्टात, गाडी उजवीकडून न्यावी लागते. आपल्या मिनीबसचं दार डावीकडे. आजी वॉकरसकट भर रस्त्यात उतरणार का? रात्रीपर्यंत कळवा.

नंदूकाका:
उजवीकडून? लंडनमध्ये? ड्रायव्हर नवखा दिसतोय.

बापू:
काका, बरोबर आहे त्याचं. तेवढ्या एका बोळात उजवीकडूनच चालवतात. मी अकरा वर्षं मिनीकॅब चालवलीय. काळ्या टॅक्सीला दोन्हीकडे दारं, त्यांना फरक पडत नाही. तुम्ही बाहेर मोठ्या रस्त्याला, स्ट्रँडवरच उतरा, मिनिटभराची तर चाल.

शैलाताई:
तुमचं मिनिट. आजींची दहा. दिवाळीला हॉलच्या पायऱ्यांवर काय झालं ते विसरलात वाटतं.

अविनाश:
वाहतूक माझ्याकडे, असं वार्षिक सभेत ठरलं होतं. ड्रायव्हरचा फोन परस्पर शैलाताईंना कसा?

मीनल:
तेरा म्हणजे कास्पर येणार! १८९८ मध्ये तिथे वूल्फ जोएल या हिऱ्यांच्या व्यापाऱ्याने जेवण दिलं, ऐन वेळी एक जण गळाला, उरले तेरा. आधी उठेल तो आधी मरेल, असं कुणीतरी म्हणालं. हाच आधी उठला आणि काही आठवड्यांत जोहान्सबर्गला गोळी लागून गेला. पुढे १९२७ मध्ये लाकडाचं काळं मांजर करून घेतलं, चौदावा पाहुणा म्हणून, तोच हा कास्पर. गळ्यात रुमाल बांधून बसवतात, प्रत्येक पदार्थ त्यालाही वाढतात.

नंदूकाका:
आपल्यात तेराव्याला गोडाचं जेवण असतं, त्यात घाबरायचं काय? आणि मांजराच्या ताटाचे पैसे कोण देणार?

मीनल:
काका, ते खासगी मेजवानीला. चहाला नाही येत ते.

सतीश:
खिडकीची जागा मागितली का? फ्रेंच चित्रकार मोनेने तिथल्याच खोल्यांतून थेम्स रंगवली, १८९९ ते १९०१. मागच्या सहलीला मला खांबामागे बसवलं होतंत.

अविनाश:
माझ्या प्रश्नाचं उत्तर आलेलं नाही.

बापू:
आजींना काळ्या टॅक्सीने आणा ना. चाकाची खुर्चीसुद्धा चढते, रॅम्प असतो.

शैलाताई:
चालेल. मी बसते त्यांच्याबरोबर. भाडं मंडळाच्या खात्यातून, खजिनदारांनी नोंद घ्यावी. अविनाशभाऊ, ड्रायव्हरला तुम्हीच कळवा.

नंदूकाका:
म्हणजे बसमध्ये जागा झाली! आमचे साडू आलेत पुण्याहून. चौदा होतील, मांजर नको.

शैलाताई:
आणा. पैसे आधी. आणि त्यांना सांगा, चहाबरोबर काकडीचं सँडविच मिळतं, कांदेपोहे नाही.