जुन्या पीसीत नवं ग्राफिक्स कार्ड टाकणारे सगळे मूर्ख नसतात

फ्रेमवेडा
काल इथे एका मुलाने विचारलं होतं: फार पैसे नाहीत, इंटेलचा चौथ्या पिढीचा आय५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड आहे, गेमसाठी कोणतं कार्ड टाकू? त्यावर 'थेट_नवीन' यांनी निकाल दिला, "बॉटलनेक होणार, म्हणजे जुना प्रोसेसर नव्या कार्डाला अडवणार. जुन्या पीसीत कार्ड म्हणजे पैसे पाण्यात. विका आणि नवा बिल्ड करा." तो मुलगा पुन्हा फिरकलाच नाही. मला हे खटकलं, म्हणून सविस्तर लिहितो.

माझा पीसी २०१५ चा. आय७-४७९० प्रोसेसर, बी८५ मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर३. गेल्या दिवाळीत १०५० टीआय काढून वापरलेलं आरएक्स ६६०० घेतलं, १३,००० रुपयांना. जिथे लो सेटिंगवर सेकंदाला ३५-४० फ्रेम (चित्रं) मिळायच्या तिथे आता हायवर ६०-७० मिळतात. या कार्डाची पूर्ण ताकद माझा प्रोसेसर वापरू शकत नाही, मान्य. पण माझा मॉनिटर ७५ हर्ट्झचा आहे, म्हणजे सेकंदाला ७५ च फ्रेम दाखवतो. जे १०० फ्रेम मला दिसणारच नव्हते, ते मिळाले नाहीत म्हणून मी का रडू? कुठल्याही पीसीत एक भाग सगळ्यांत हळू असतोच. तो हळूपणा तुमच्या स्क्रीनवर जाणवतो का, एवढंच बघायचं.

आणि नवा बिल्ड म्हणजे बोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळं आलं. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव कुठे गेले ते सगळ्यांनी पाहिलंय. सगळी मेमरी एआयवाल्यांच्या डेटा सेंटरकडे चाललीय. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये रॅमचा आपला क्रुशियल हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी कॉलेजच्या पोराला "सगळं नवीन घे" सांगणं मला पटत नाही.

थेट_नवीन
माझं नाव घेऊन लिहिलंत, म्हणून उत्तर देतो. तुमच्याकडे आय७ आहे, चार कोअर आणि आठ थ्रेड, म्हणजे एका वेळी आठ कामं. त्या मुलाकडे आय५ आहे, चार कोअर आणि चारच थ्रेड. आठ थ्रेडचा अनुभव तुम्ही चार थ्रेडवाल्याला सांगताय.

मी हेच केलं होतं. आय५-४५९० वर आरटीएक्स ३०६० टाकलं. सरासरी ७० फ्रेम दिसायच्या, स्क्रीनशॉट काढून मित्रांना पाठवले. पण गेममध्ये गाडी शहरात शिरली की प्रोसेसर १०० टक्क्यांवर आणि दर काही सेकंदांनी हिसका. सरासरीत हिसके दिसत नाहीत, 'एक टक्का लो', म्हणजे सगळ्यांत हळू एक टक्का फ्रेमचा आकडा बघा, मग कळेल. चार महिने ड्रायव्हर बदलत बसलो, विंडोज तीनदा टाकलं, शेवटी बोर्ड-प्रोसेसर बदलल्यावर सुटलो. तो मनस्ताप दुसऱ्या कुणाला नको, म्हणून मी तसं लिहितो.

शिवाय विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेट घेतले तरी ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी लागते. हे कुणी सांगायचं त्या मुलाला?

फ्रेमवेडा
चार थ्रेडचा मुद्दा बरोबर आहे, माझ्या लिहिण्यात तो सुटला. पण त्यावर उपाय नवा बिल्ड नाही. त्याच सॉकेटमध्ये वापरलेला आय७-४७९० बसतो, नाहीतर इंटेलचाच सर्व्हरवाला झिऑन ई३-१२३१ व्ही३. आधी बोर्डाच्या सपोर्ट लिस्टमध्ये तो आहे का बघायचं, लागला तर बायोस (बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करायचा. झिऑनला स्वतःचं ग्राफिक्स नाही, पण कार्ड असणारच आहे. माझ्या भावाला असा आय७ ४,००० ला मिळाला.

आणि ड्रायव्हरचंच बोलायचं तर एनव्हिडियाने पास्कल पिढीच्या कार्डांचे (१०५० टीआय त्यातलंच) नव्या गेमसाठीचे 'गेम रेडी' ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले, आता फक्त सुरक्षेचे अपडेट येतात. डूम: द डार्क एजेससारखा गेम तर रे ट्रेसिंगचं हार्डवेअर नसेल तर सुरूच होत नाही. म्हणजे १०५० टीआय आज ना उद्या बदलावंच लागणार.

मधली_सुट्टी
मी नाशिकहून लिहितेय. मुलगा बारावीला आहे. त्याच्या वाढदिवसाला एका दुकानातून आरएक्स ६५०० एक्सटी घेऊन दिलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, नवीन मॉडेल आहे, डोळे झाकून घ्या." बोर्ड एच८१ आहे. मुलगा म्हणतो गेम अडकतो, जुन्या कार्डावर बरा चालायचा. दुकानदार म्हणतो पीसी जुना आहे, आमच्या कार्डात काही दोष नाही. खरं कोण बोलतंय?

रात्रपाळी
ताई, मुलगा खरं बोलतोय. ६५०० एक्सटी स्लॉटच्या फक्त चार लेनवर (डेटा जायच्या वाटांवर) चालतं. नव्या बोर्डावर पीसीआय-ई ४.० हा वेगवान स्लॉट असल्यामुळे चार लेनमध्ये भागून जातं. तुमच्या एच८१ चा स्लॉट बहुधा २.० आहे, म्हणजे सेकंदाला जेमतेम २ जीबी. कार्डावर मेमरी ४ जीबी. ती भरली की गेम रॅमकडे धावतो आणि त्या अरुंद बोळात अडकतो. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून 'बस इंटरफेस' समोर काय लिहिलंय ते बघा. अशा बोर्डाला सोळा लेनचं कार्ड चांगलं, ३०६० सारखं. आरएक्स ६६०० सुद्धा आठच लेनचं आहे. फ्रेमवेडा, तुमचा बी८५ ३.० देतो म्हणून तुम्हाला त्रास झाला नाही. सगळ्यांना ६६०० सुचवत सुटू नका.

सॉल्डर
तुम्ही सगळे फ्रेम मोजताय आणि एसएमपीएसचं, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचं, नाव कुणी घेत नाही! माझ्या टेबलावर महिन्याला पाच-सहा मेलेले पीसी येतात. कॅबिनेटसोबत फुकट आलेला '४५० वॅट'चा डबा, उघडला तर हाताला हलका, आत फिल्टरच्या जागा रिकाम्या. त्यात कार्डाला लागणारी सहा पिनची वायर नसते, म्हणून लोक साटाच्या (हार्ड डिस्कच्या) वायरला ॲडॉप्टर लावतात. साटाच्या कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. सहा पिनचं कार्ड तिथून ७५ वॅटपर्यंत खेचू शकतं. वितळलेले कनेक्टर मी बरणीत भरून ठेवलेत. कार्डाच्या बजेटमधून आधी चांगल्या एसएमपीएसचे पैसे बाजूला काढा, मग उरलेल्यात कार्ड बघा.

काठावर_पास
सॉल्डरदादा, तुमच्यासारख्यांचं ऐकूनच मी चांगला एसएमपीएस घेतला. आता कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. जुन्या डब्यात असं कधीच होत नव्हतं. मग चांगला कुठला?

वायरमन
अरे बाळा, एसएमपीएस चांगला आहे. तुझ्या घरात अर्थिंग नाही.

चांगल्या एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून बॉडीला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात, गोंगाट गाळायला. अर्थ जोडलेला असेल तर तो किरकोळ करंट जमिनीत जातो. अर्थ नसेल तर बॉडी अधांतरी राहते आणि मीटर लावला तर तिच्यावर ११० च्या आसपास व्होल्ट दिसतात. जुन्या डब्यात ते फिल्टरच नव्हते, म्हणून झिणझिण्या नव्हत्या. आता त्या येतायत, त्या तुला सावध करतायत असं समज. ३४ वर्षं वायरिंग केलंय, अजूनही नव्या इमारतींत तिसऱ्या, अर्थच्या भोकात वायर नसलेले स्विचबोर्ड सापडतात.

काठावर_पास
काका, मी पुण्यात भाड्याच्या खोलीत राहतो. मालक म्हणतो फ्रिज चालतो, पंखा चालतो, तुलाच कसला त्रास. एका मित्राने सांगितलं की स्विचबोर्डाच्या आत न्यूट्रल आणि अर्थची पिन तारेने जोडून टाक, झिणझिण्या जातात. करू का?

वायरमन
नाही! हात लावू नकोस! झिणझिण्या जातील, पण ज्या दिवशी न्यूट्रल कुठे तुटेल किंवा दुरुस्तीत कुणी फेज-न्यूट्रल उलटे करेल, त्या दिवशी तुझ्या अख्ख्या कॅबिनेटवर २३० व्होल्ट येतील. मी असा एक मुलगा गेलेला पाहिलाय, कूलरवर. असला सल्ला देणाऱ्या मित्राला विचार, जबाबदारी घेतो का तुझी.

सॉल्डर
काका, मुद्दा पटला, पण भाडेकरूने करायचं काय ते तरी सांगा. प्रत्येकाला खड्डा खणून कोळसा-मीठ टाकता येत नाही. तोवर यूपीएस लावला तर काम भागतं.

वायरमन
यूपीएसने अर्थिंग कसं मिळेल? त्याची तिसरी पिनही त्याच रिकाम्या भोकात जाते. तुम्ही दुरुस्ती करणारी माणसं, तुम्हीच असं लिहिलंत तर पोरं काय करतील?

सॉल्डर
मी अर्थिंगबद्दल नाही, लाइट जाते त्याबद्दल बोलत होतो. शब्द पकडू नका. २० वर्षं बोर्ड दुरुस्त करतोय मीही.

वायरमन
मग तसं स्पष्ट लिहा. वाचणारा शॉकबद्दल विचारत होता.

रात्रपाळी
दोघांनी जरा दमाने घ्या. यूपीएसचं निघालंच आहे तर सांगतो. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट. त्याच्या विजेची लहर घरच्या विजेसारखी गुळगुळीत (साइन) नसते, आणि ॲक्टिव्ह पीएफसी हे सर्किट असलेल्या काही एसएमपीएसना ती मानवत नाही. लाइट गेली की यूपीएस चालू असूनही पीसी बंद पडतो. माझं एकदा ऑफिसचं रात्रभराचं रेंडर असंच गेलं.

काठावर_पास, मालकाला सांग की गीझर आणि वॉशिंग मशीनलाही हाच धोका आहे. इमारतीच्या मीटरपाशी बहुतेक वेळा अर्थ असतो, तिथून एक हिरवी वायर खोलीपर्यंत ओढायची असते. माझ्या मालकाने पीसीसाठी ऐकलं नव्हतं, गीझर म्हटल्यावर त्याच आठवड्यात माणूस पाठवला.

थेट_नवीन
मूळ प्रश्न कुठे गेला बघा. आता हिशेब करा. कार्ड १३,०००, एसएमपीएस ४,०००, आय७ ४,०००. हे २१,००० झाले, आणि हातात काय, तर दहा-बारा वर्षांपूर्वीचा बोर्ड. त्याचा कपॅसिटर फुगला की वॉरंटी नाही, नवा बोर्ड मिळत नाही. मी म्हणत होतो ते हेच.

फ्रेमवेडा
कार्ड आणि एसएमपीएस बोर्डासोबत मरत नाहीत. उद्या बोर्ड गेला तर हेच १७,००० चं सामान नव्या बोर्डावर चढतं. वाया गेले तर आय७ चे ४,००० जातील. तुमच्या मार्गाने त्या मुलाला आज निदान ५०,००० एकदम काढावे लागतील, आणि ते त्याच्याकडे नाहीत हे त्याने पहिल्याच ओळीत लिहिलं होतं.

थेट_नवीन
पैसे नाहीत असं लिहिलेलं मी वाचलं नव्हतं, ती माझी चूक. ठीक आहे. ६० हर्ट्झचा मॉनिटर असेल, आय७ मिळत असेल, बोर्ड एच८१ नसेल आणि एसएमपीएस आधी बदलणार असेल, तर कार्ड टाकू दे. पण एवढ्या अटी लागतात, म्हणजे माझं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. आणि विंडोजचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

फ्रेमवेडा
विंडोजचं उत्तर माझ्याकडेही नाही. मी ते वाढीव अपडेट घेतलेत, पुढे लिनक्स टाकून बघणार आहे.

मधली_सुट्टी
जीपीयू-झेडमध्ये 'एक्स४ २.०' आलं. त्याचा फोटो घेऊन दुकानात गेले. पैसे परत द्यायला नाहीच म्हणाला, पण फरक भरून वापरलेलं ३०६० द्यायला तयार झाला, एका महिन्याच्या बोलीवर. त्याआधी काकांचं वाचून आमच्याकडे वायरमन बोलावला. मुलाच्या खोलीतल्या बोर्डात तिसऱ्या भोकात वायरच नव्हती. स्वयंपाकघरात मिक्सरच्या बोर्डातही नाही. १४ वर्षं राहतोय या घरात. रविवारी तो पूर्ण वायर ओढणार आहे, कार्ड त्यानंतरच आणेन. सॉल्डर, ३०६० ला एसएमपीएस किती वॅटचा घेऊ?

सॉल्डर
चांगल्या कंपनीचा ५५० चा घ्या, आठ पिनची वायर एसएमपीएसमधूनच आलेली हवी. ॲडॉप्टर कुणी दिला तर तिथेच परत करा.