कृष्णपुरा छत्र्यांचा रात्रीचा फोटो : दिवे आणि पाण्यातलं प्रतिबिंब दोन्ही कसं सांभाळायचं?

रामबागकर
नमस्कार मंडळी. इंदूरच्या कृष्णपुरा छत्र्या (होळकरांची दगडी स्मारकं) कान्ह नदीच्या काठावरून रात्री टिपायच्या आहेत. एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरचा) कॅमेरा, १८-५५ मिमी लेन्स, हलका ट्रायपॉड. दिवे पांढरेफटक आणि आकाश काळंकुट्ट येऊ नये, यासाठी वेळ आणि सेटिंग सांगाल का?

निळीवेळ
आधी वेळ. सूर्यास्तानंतर साधारण १५ ते ३० मिनिटांत आकाशाचा निळा उजेड आणि दिव्यांचा उजेड जवळजवळ सारखा होतो. ती वेळ गेली की दगडाचं नक्षीकाम उजळायला जावं तर दिवे पांढरेफटक पडतात. म्हणून अर्धा तास आधी पोहोचून चौकट पक्की करा.

रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल), मॅन्युअल मोड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८. शटर ठरवायला आधी आयएसओ ३२०० वर चाचणी घ्या. तिथे १/४ सेकंदाला उजेड नीट आला, तर आयएसओ १०० ला ३२ पट वेळ, म्हणजे ८ सेकंद. हिस्टोग्राममध्ये (उजेडाचा आलेख, उजवीकडे सर्वांत उजळ भाग) दिव्यांचे ठिपके उजव्या कडेला टेकले तरी चालतील, दगड टेकता कामा नये. उजेड उतरत जाईल तसं शटर वाढवा, आयएसओ तोच ठेवा.

लाइव्ह व्ह्यू (पडद्यावरचं थेट चित्र) मोठा करून छत्रीच्या उजळ कडेवर फोकस करा आणि लगेच फोकस मॅन्युअलवर टाका. लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. हलक्या ट्रायपॉडला २ सेकंदांचा टायमर अपुरा पडू शकतो, १० चा लावा. मधला दांडा वर काढू नका. पुलावर उभं राहू नका, वाहनांच्या हादऱ्याने सगळं पुसट होतं.

घाटावरचा
प्रतिबिंबाचं राहिलं. कॅमेरा पाण्याच्या जितका जवळ, तितकं चांगलं. उंचावरून छत्रीचा खालचा भाग प्रतिबिंबात काठाआड जातो. पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) काढाच, तो प्रतिबिंबही खातो आणि उजेडही. यूव्ही फिल्टरही काढा, नाहीतर दिव्यांची हिरवट भुतं (खोटे ठिपके) चौकटीत उलट बाजूला उमटतात.

८-१५ सेकंदांत लाटा गुळगुळीत होतात, पण पाण्यावर फेस वाहत असेल तर त्याचे पांढरे पट्टे ओढले जातात. अशा वेळी आयएसओ ८०० ला १ सेकंद बरा. रोषणाईचे रंग बदलत असतील तरी छोटं शटरच, नाहीतर सगळे रंग एकमेकांत कालवतात.

रामबागकर
धन्यवाद दोघांनाही! दिव्यांचे तारे हवे असतील तर? आणि ब्रॅकेटिंग (कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम घेऊन जोडणं) करावं का?

निळीवेळ
ताऱ्यांसाठी एफ/११ ते एफ/१६. ॲपर्चरची पाती ७ असतील तर १४ किरण, ६ असतील तर ६च. एफ/१६ च्या पुढे मात्र सगळा फोटो मऊ (कमी रेखीव) पडतो. ब्रॅकेटिंग जरूर करा, दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) अंतराने ३ फ्रेम. जोडताना पाणी एकाच फ्रेममधलं घ्या, तिन्हींचं मिसळलं की प्रतिबिंब दुहेरी दिसतं.

घाटावरचा
आणि पावसाळ्यात शेवटच्या पायऱ्यांवर उतरू नका, शेवाळ असतं. तेव्हा वरून ५५ ला झूम करा.