पत्नीसाठी पहिले पिस्तूल (टेक्सास): कोणते आणि कसे निवडावे?

केटीकर:

नमस्कार मंडळी. आम्ही ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटी येथे राहतो. माझी पत्नी घरांच्या खरेदी-विक्रीचे काम करते, आणि अनोळखी ग्राहकाला रिकामे घर एकटीने दाखवण्याची वेळ तिच्यावर आठवड्यातून तीन-चार वेळा तरी येते. गेल्या मार्चमध्ये अशाच एका घरात ग्राहकाने मागच्या खोलीचे दार लोटून घेतले आणि तो दार अडवून उभा राहिला. शेजारच्या अंगणात गवत कापणारी माणसे आली म्हणून प्रसंग टळला. त्यानंतर पिस्तूल बाळगण्याचा विषय तिने स्वतःच काढला. मी तो तिच्यावर लादलेला नाही, हे आधीच सांगतो.

आम्ही दोघेही अमेरिकी नागरिक असून चाळिशी ओलांडलेले आहोत. मुलगा सात वर्षांचा आहे. पुण्यात कॉलेजात असताना एनसीसीमध्ये .२२ची रायफल चालवली, एवढाच माझा अनुभव. तिने शस्त्र हातातही धरलेले नाही. तिचे हात लहान आहेत आणि उजव्या अंगठ्याचा सांधा थंडीत दुखतो.

मागील आठवड्यात मी दुकानात चौकशी केली, तेव्हा विक्रेत्याने ‘बायकांसाठी हेच’ असे म्हणून तळहातात मावेल असे ‘.३८०’ या लहान काडतुसाचे एक पिस्तूल काढून दिले. वजन जेमतेम पावणेतीनशे ग्रॅम. पर्समध्ये सहज राहील, म्हणून तिच्या वाढदिवसाला तेच आणून द्यावे असा माझा विचार आहे. लहान पिस्तूल नवशिक्याला सोपे जाते का, त्यापेक्षा रिव्हॉल्व्हर बरे का, आणि पर्समध्ये ठेवणे कितपत योग्य आहे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

रेवा_डॅलस:

केटीकर, आपण विचारलेत ते फार बरे केलेत, कारण नऊ वर्षांपूर्वी माझ्या यजमानांनी हेच केले होते. असेच एक चिमुकले पिस्तूल त्यांनी मला पाडव्याला ओवाळणीत दिले. त्यांच्या मनातली काळजी खरी होती, परंतु ते पिस्तूल माझे कधीच झाले नाही. मुठीवर करंगळीला जागाच नव्हती, आणि मागे येणाऱ्या स्लाइडने (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) पहिल्याच दिवशी अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली कातडी सोलली. चाप ओढण्याआधीच माझे डोळे मिटू लागले आणि सगळ्या गोळ्या कागदावर खाली डावीकडे जाऊ लागल्या. प्रशिक्षक बाईंनी कागद पाहताक्षणी सांगितले की हा नेमाचा दोष नसून झटक्याच्या भीतीने हात आधीच खाली दबतो आहे. ते पिस्तूल दोन वर्षे तिजोरीत पडून राहिले, आणि त्या दोन वर्षांत मी सरावाला एकदाही गेले नाही.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की वाढदिवसाला पिस्तूल देऊ नका. हवा तर प्रशिक्षणाचा एक दिवस भेट द्या आणि वहिनींना स्वतः निवडू द्या. बहुतेक मोठ्या रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, पिस्तुले भाड्याने मिळतात. एका दिवसात तीनपेक्षा अधिक चालवून पाहू नका, कारण हात थकला की चौथे पिस्तूल कितीही चांगले असले तरी वाईटच वाटते. कानांत फोमचे बोळे घालून त्यावर हेडफोनसारखे कर्णरक्षक लावावेत. बंद रेंजमध्ये नवशिक्या माणसाला झटक्याइतकाच आवाज दचकवतो, आणि आवाज कमी झाला की अर्धी भीती तिथेच उतरते.

पर्सबद्दल मात्र मी ठामपणे ‘नको’ म्हणेन. ३० डिसेंबर २०१४ रोजी आयडाहोमधील हेडन येथे वॉलमार्टमध्ये खरेदी करताना एका तरुण आईच्या पर्समध्ये तिच्या दोन वर्षांच्या मुलाने हात घातला, आतल्या पिस्तुलाची गोळी सुटली आणि ती जागीच गेली. ती पर्स शस्त्र ठेवण्यासाठीच बनवलेली होती आणि तिला नाताळची भेट म्हणून मिळालेली होती. ज्या घरात सात वर्षांचा मुलगा आईच्या पर्समध्ये चॉकलेट शोधतो, त्या घरात पिस्तूल अंगावरच असावे किंवा कुलपात असावे. मधली तिसरी जागा नाही. शिवाय रिकाम्या घरात शिरल्यावर बाई पर्स प्रथम स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवते आणि मग खोल्या दाखवत हिंडते, हे आपल्या पत्नीलाही पटेल.

सह्याद्री७१:

मी गेली चौदा वर्षे सॅन अँटोनियोजवळ नवशिक्यांना पिस्तूल शिकवतो. रेवाताईंनी जे सोसले त्यामागचे कारण सांगतो. गोळी पुढे जाताना शस्त्राला मागे जो धक्का देते, तो शस्त्र जड असो वा हलके, तेवढाच असतो. शस्त्र हलके असेल तर ते अधिक वेगाने मागे येते आणि तो वेग हाताला लागतो. म्हणजे लपवायला जे सोपे, तेच चालवायला अवघड असते. पावणेतीनशे ग्रॅमचे पिस्तूल हे मुरलेल्या माणसाचे हत्यार आहे. विक्रेते ते नवशिक्या स्त्रियांच्या हाती देतात, याचे मला दर वेळी वाईट वाटते.

दुसरा गैरसमज असा की काडतूस लहान म्हणजे स्लाइड ओढायला हलकी. जुन्या रचनेच्या काही .३८० पिस्तुलांत, उदाहरणार्थ वॉल्थर पीपीके, नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकत नाहीत. स्लाइडला केवळ तिचे वजन आणि स्प्रिंग रोखून धरते, म्हणून ती स्प्रिंग कडक ठेवावी लागते. नळी अडकणाऱ्या रचनेत स्प्रिंग मऊ ठेवता येते. स्मिथ अँड वेसनचे शील्ड ईझी याच रचनेचे आहे. त्याचे .३८० रूप २०१८ मध्ये आले, वजन सुमारे सव्वापाचशे ग्रॅम. ९ मिमी या अधिक जोरदार काडतुसाचे रूप २०२० मध्ये आले आणि ते साधारण साडेसहाशे ग्रॅमचे आहे. दोन्हींच्या मॅगझीनमध्ये (मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी) आठ गोळ्या राहतात, आणि मॅगझीनच्या बाजूला बोटाने दाबायचा खटका असल्यामुळे दुखऱ्या अंगठ्याला ते भरणे जमते. मुठीच्या मागे एक दाबपट्टी असते. तळहाताने ती पूर्ण दाबली गेली नाही तर चाप ओढूनही गोळी सुटत नाही. लहान हाताची पकड तिथे नीट बसते का, हे रेंजवरच पाहावे लागेल.

सिग सॉवरचे पी३६५ (२०१८) पाचशे ग्रॅमचे असून त्यात मॅगझीनमध्ये दहा आणि नळीत एक अशा गोळ्या मावतात. लपवण्यासाठी उत्तम, पण त्याची स्लाइड ईझीपेक्षा कडक आहे. ग्लॉक ४३एक्सची मूठ थोडी लांब आहे, त्यामुळे करंगळी टेकते. वॉल्थरची पीडीपी एफ ही मालिका २०२२ मध्ये लहान हात आणि कमी जोर यांचा विचार करून आली; ती आकाराने मोठी आहे, परंतु शिकण्यासाठी मला फार आवडते.

रिव्हॉल्व्हरला स्लाइड नसते हे खरे, पण चारशे ग्रॅमच्या पाच गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरचा चाप दर वेळी साधारण पाच किलोच्या जोराने ओढावा लागतो. आजच्या बहुतेक पिस्तुलांना त्याच्या निम्माच जोर पुरतो. सांधेदुखी असलेल्या हाताला मी ते पहिले शस्त्र म्हणून सुचवणार नाही. अशा रिव्हॉल्व्हरचे .३८ आणि पिस्तुलाचे .३८० ही दोन्ही काडतुसे ९ मिमीपेक्षा महागही पडतात, आणि सराव खर्चिक झाला की तो सुटतो.

स्लाइड ओढण्याची रीत मात्र पत्नीला खरेदीपूर्वीच शिकवून घ्या, कारण दुकानात ‘मला ओढता येत नाही’ म्हणणाऱ्या बहुतेक स्त्रियांना रीत कळल्यावर ती ओढता येते. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री दोनदा करावी, नळी सुरक्षित दिशेला आणि बोट चापाबाहेर ठेवावे. मग पिस्तूल छातीजवळ घ्यावे, कोपर अंगाला लावावे, डाव्या हाताची चारही बोटे स्लाइडच्या मागच्या भागावर पालथी घालून तळव्याने घट्ट धरावी, आणि डाव्या हाताने मागे ओढण्याऐवजी उजव्या हाताने मूठ पुढे ढकलावी. खांद्याचा आणि छातीचा जोर त्यात येतो. चिमटीत धरून ओढणाऱ्याला तो मिळत नाही. पुढे ढकलल्यावर डावा हात सोडून द्यावा, स्लाइड आपोआप पुढे जाते.

राजगड:

निवडीबद्दल वर उत्तम लिहिले गेले आहे, म्हणून मी कायद्यापुरतेच लिहितो. पत्नीला खरीखुरी भेट म्हणून पिस्तूल विकत घेणे कायदेशीर आहे. परंतु पैसे तिने द्यायचे आणि ४४७३ क्रमांकाच्या संघीय अर्जावर खरेदीदार म्हणून सही तुम्ही करायची, हा गंभीर गुन्हा ठरतो. तिला निवडायचे आहे, तर तिनेच जावे, अर्ज तिनेच भरावा आणि पार्श्वभूमीची तपासणी तिच्याच नावाने व्हावी.

वाचणाऱ्यांपैकी अनेक जण एच-१बी किंवा एच-४ व्हिसावर असतील, त्यांच्यासाठी मुद्दाम सांगतो की संघीय कायद्यानुसार अशा तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला शस्त्र किंवा काडतूस जवळ बाळगण्यास मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय कुणीही त्यांवर विसंबू नये. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई नाही.

१ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या आणि अन्यथा पात्र असलेल्या व्यक्तीला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येते. तरीही परवाना काढावा असे माझे स्पष्ट मत आहे. शाळेच्या आवारापासून हजार फुटांच्या आत शस्त्र नेण्यास संघीय कायदा मनाई करतो आणि राज्याचा परवाना असलेल्याला त्यातून सूट देतो. घरे दाखवत फिरणाऱ्या व्यक्तीचा रस्ता दिवसातून किती शाळांवरून जातो, याचा हिशेब करून पाहा. परवान्याचे शुल्क ४० डॉलर आहे. चार ते सहा तासांचा वर्ग असतो आणि ३, ७ व १५ यार्डांवरून मिळून पन्नास गोळ्यांची परीक्षा होते. २५० पैकी १७५ गुण लागतात.

टेक्सासचा परवाना न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया मानत नाहीत. न्यू जर्सीतल्या एडिसनला नातेवाइकांकडे गाडीने जाताना पिस्तूल बरोबर नेले तर तुरुंगाची वेळ येऊ शकते. भारतात जाताना तर रेंजवर वापरलेली कोणतीही पिशवी सामानात घेऊ नका. अस्तरात राहून गेलेले एकच जिवंत काडतूस मुंबई विमानतळावर सापडले, तर शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो, आणि नजरचूक होती हे न्यायालयात पटवण्यात महिने जातात.

टेक्सासमध्ये सतरा वर्षांखालील मुलाच्या हाती भरलेले शस्त्र लागेल असे ठेवणे हाही गुन्हा आहे. तिजोरी पिस्तुलाच्या आधी घ्या. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, म्हणून घरात किंवा येणाऱ्या-जाणाऱ्यांत कुणी मनाने खचलेले असेल, तर शस्त्र त्या काळात घरात आणूच नये.

केटीकर:

मी त्यांची पत्नी लिहीत आहे, खाते यांचेच आहे. आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. वाढदिवसाची भेट रद्द झाली आहे आणि ती रद्द झाल्याचा मला आनंद आहे.

काल शनिवारी आम्ही दोघे रेंजवर गेलो. प्रशिक्षक बाईंनी पहिला तास एकही गोळी न झाडता घेतला. सह्याद्रीसाहेबांनी सांगितलेली स्लाइडची रीत मला चौथ्या प्रयत्नात जमली. नंतर मी पी३६५, ईझी .३८० आणि ईझी ९ मिमी ही तिन्ही चालवली. पी३६५ हातात सुंदर बसले, पण तिसऱ्या मॅगझीननंतर अंगठा ठणकू लागला. ९ मिमीच्या ईझीला झटका आहे, तरी तो ढकलल्यासारखा वाटतो, चावल्यासारखा वाटत नाही. सात यार्डांवरून दहापैकी आठ गोळ्या कागदाच्या मधल्या भागात लागल्या, आणि .३८०ने नऊ. अजून दोनदा जाऊन, थंडीच्या दिवशी अंगठा दुखत असताना दोन्ही पुन्हा चालवून पाहीन आणि मगच ठरवीन. परवान्याची परीक्षा होईपर्यंत पिस्तूल अंगावर घेणार नाही. नवा ग्राहक प्रथम कार्यालयातच भेटेल आणि त्याच्या ओळखपत्राचा फोटो सहकाऱ्याकडे जाईल, हा नियम मात्र कालपासूनच सुरू केला आहे.

रेवाताई, एक विचारायचे आहे. कामावर मी पँट आणि ब्लेझर घालते, तेव्हा कमरेच्या पट्ट्यावर होल्स्टर (पिस्तुलाचे म्यान) राहील. पण सणावाराला, मंदिरात किंवा मंडळाच्या कार्यक्रमाला कुर्ता अथवा साडी असते, तेव्हा आपण काय करता?

रेवा_डॅलस:

कुर्त्याखाली मी रुंद पोटपट्टा बांधते, परंतु नुसता कापडी नव्हे. चापावर टणक प्लॅस्टिकचे कवच असलेलाच घ्यावा, कारण मऊ कापडातून बाहेरचा दाब चापापर्यंत पोहोचतो. रिकाम्या पिस्तुलाने कुर्ता वर करून ते काढण्याचा सराव घरी करावा लागतो, आणि मला तो जमायला दोन महिने लागले. साडीत मी पिस्तूल बाळगत नाही. निऱ्या, पदर आणि अंगावर झेपावणारी ओळखीची मुले यांमध्ये ते सुरक्षित राहील याची खात्री मला देता येत नाही, म्हणून त्या दिवशी ते घरी तिजोरीत असते. मंदिराच्या दारावर पिस्तूल आत आणण्यास मनाई करणारी, टेक्सास कायद्याच्या ३०.०६ किंवा ३०.०५ या कलमाची सूचना लावलेली आहे का, हेही आधी जाऊन पाहून या. माझ्याकडच्या मंदिरात ती चपलांच्या मांडणीजवळ आहे आणि गर्दीत पटकन दिसत नाही.