मदत हवी आहे: आईचं 'बरं वाटत नाही' आणि सीआरपी

मंडळी, आई ६१ वर्षांची. वर्षभर एकच सांगते, "अंगात त्राणच नाही गं." कणीक मळतानाही मध्येच ओट्याला टेकून उभी राहते. साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं नॉर्मल. फक्त एचएस-सीआरपी (अंगातला दाह, म्हणजे आतली सूज, दाखवणारी रक्ताची चाचणी) ४ च्या वर. दोन आठवड्यांनी परत केली, तरी ३ च्या खाली नाही. सर्दी-ताप, दाढदुखी काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे. मला हे पटत नाही.

स्वतःची तब्येत कशी वाटते या साध्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या आयुर्मानाचा अंदाज देतं, हे १९९७ सालच्या २७ अभ्यासांच्या आढाव्यात दिसलं होतं. २००४ च्या एका स्वीडिश अभ्यासात तब्येत वाईट सांगणाऱ्या बायकांच्या रक्तात दाह दाखवणारी सायटोकाइन्स जास्त होती, पुरुषांत तसं दिसलं नाही. पण पोटावरच्या चरबीनेही सीआरपी वाढतो, आणि आईचं वजन वाढलेलं आहेच.

बाबांचं उलटं. गुडघे सुजलेले, तरी "मी ठणठणीत!" त्यांची चाचणीच झालेली नाही.

इथे कोणी फिजिशियन किंवा संधिवाततज्ज्ञ आहेत का? आईच्या पुढच्या कोणत्या तपासण्या करून घ्याव्यात? बाबांचीही सीआरपी करावी का? आणि मुंबईतल्या देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यास संस्थेच्या 'लासी' या उतारवयातल्या लोकांच्या देशभरातल्या सर्वेक्षणात तब्येतीचा हा प्रश्नही आहे आणि रक्ताचे नमुनेही घेतले आहेत. त्यावरून भारतीय स्त्री-पुरुषांचं वेगवेगळं विश्लेषण कोणी वाचलं असेल तर कृपया सांगा.