कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवताना काय सापडलं? तुमचे अनुभव लिहा

गेल्या श्रावणात आमची चिंगी तीन दिवस नीट जेवली नाही. पाऊस लागून राहिलाय, फिरायला गेली नाही, म्हणून भूक नसेल असं आम्ही धरून चाललो. चौथ्या दिवशी सकाळी तिच्या पाण्याच्या भांड्यात रक्त दिसलं. नाकातून थेंब थेंब येत होतं. डॉक्टरांनी आधी ओठ वर करून हिरड्या बघितल्या. गुलाबी असायला हव्यात त्या पार पांढुरक्या झाल्या होत्या. रक्त तपासलं तर प्लेटलेट अठरा हजार. कुत्र्याच्या त्या साधारण दोन लाखांच्या वर असतात. गोचिडताप होता, एर्लिकिया. 28 दिवस गोळ्या चालल्या, पहिले चार दिवस सलाईन. चिंगी वाचली.

मला लागलेली गोष्ट वेगळीच आहे. डॉक्टरांनी तिच्या कानाच्या घडीतून आणि मागच्या पायाच्या दोन बोटांमधून माझ्यासमोर सहा गोचिड्या काढल्या. रोज माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपणारं कुत्रं, आणि मी तिच्या बोटांमध्ये कधी बघितलंच नव्हतं. दुसरी गोष्ट, अंगावर सहा म्हणजे घरात शेकड्यांनी. गोचिडीची मादी रक्त पिऊन खाली उतरते आणि भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे हजारो अंडी घालते. आम्ही फक्त कुत्रीला औषध लावत राहिलो असतो तर महिन्याभरात पुन्हा तेच झालं असतं. गॅलरीतल्या भेगा सिमेंटने बुजवल्या, तिचं अंथरूण उकळत्या पाण्यातून काढलं.

आता रोज रात्री पाच मिनिटं. कानाच्या आतून सुरुवात, मग हिरड्या, मान, काखा, पोट, बोटांच्या बेचक्या, शेपटीखाली. हा धागा त्यासाठीच काढतेय. तुम्हाला काय सापडलं, किती उशिरा सापडलं, आणि आता तुम्ही काय करता, ते लिहा. एकच विनंती, औषधांचे डोस इथे लिहू नका. ते वजनावर ठरतात, आणि कोणीतरी वाचून पाच किलोच्या पिल्लाला पंचवीस किलोच्या कुत्र्याचा डोस देईल.

तासगावहून

ताई, आमच्याकडं बेदाण्याचं शेड आहे. फेब्रुवारी ते एप्रिल जाळीवर माल असतो, खाली सांडलेला बेदाणा पायात येतो. राजा नावाचा कुत्रा होता, शेडची राखण करायचा. दोन वर्षांमागं त्यानं खाली पडलेला माल पोटभर खाल्ला. संध्याकाळी उलट्या झाल्या, त्यात फुगलेले बेदाणे दिसत होते. आम्ही म्हटलं, बरं झालं, बाहेर पडलं.

दुसऱ्या दिवशी दिवसभर त्यानं कुठं पाय वर केला नाही. ते माझ्या भावाच्या ध्यानात आलं, माझ्या नाही. तिसऱ्या दिवशी सांगलीला नेला तेव्हा मूत्रपिंडं बसली होती. सलाईन लावून दोन दिवस झटले. पाचव्या दिवशी गेला.

द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याला विष आहे हे द्राक्षाच्या पट्ट्यात जन्मून मला ठाऊक नव्हतं. गावात सांगितलं की म्हणतात, आमचं कुत्रं कायम खातंय, काय झालं नाही. तेही खरं आहे. एखाद्याला भरपूर खाऊन काही होत नाही, एखाद्याला मूठभरात होतं. किती चालेल याचं माप नाही. खाल्लेलं कळलं की उलटीची, लघवीची वाट न बघता तासाभरात डॉक्टरकडं न्यायचा, पोटात आहे तोवर बाहेर काढता येतं. आता हंगामात कुत्री शेडपासून लांब, विहिरीकडं बांधतो.

पुण्याहून, वरचं वाचून

दादा, वाचून पोटात कालवलं. आमच्याकडे सत्यनारायणाच्या शिऱ्यातला बेदाणा आणि दिवाळीच्या चिवड्यातला बेदाणा आवर्जून काढून ठेवतो. सोबत कांदासुद्धा. आदल्या दिवशीचा रस्सा भाकरीवर घालून द्यायची घरोघरी पद्धत आहे. शिजवला तरी कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. लगेच दिसत नाही, काही दिवसांनी कुत्रं धापा टाकायला लागतं.

जत तालुक्यातून

आमच्या घरात आजोबांपासून कारवान जातीची कुत्री आहेत. बाहेरचे लोक मुधोळ म्हणतात, मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांमुळं ते नाव गाजलं. आम्ही कारवानच म्हणतो, आणि कानाला, शेपटीला लांब केस असले की पश्मी. पळणाऱ्या कुत्र्याची निगा निराळी असते म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, बरगड्या. पाहुणे आले की म्हणतात, खायला घालत नाही का? कारवानच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्याच पाहिजेत. हात फिरवला की कातडीखाली लगेच हाड लागलं पाहिजे, पण पाठीचा कणा टोचायला नको. कणा टोचायला लागला की मी जंताच्या औषधाची तारीख बघतो. लोकांचं ऐकून भाकरी वाढवली की कुत्रं जड होतं आणि वळणावर खांद्यातून लंगडतं.

दुसरी, वर्षाच्या आत लांब पल्ल्याचं पळवायचं नाही. हाडांची वाढ व्हायची असते. माझ्या चुलत्यानं आठ महिन्यांचं पिल्लू मोटरसायकलमागं डांबरीवर पळवलं. त्याच्या पंजाच्या गाद्या सोलून निघाल्या, त्या भरल्या. पुढचा पाय मात्र कायमचा वाकडा राहिला. पळवायचं तर नांगरलेल्या नाहीतर ओढ्याच्या मऊ जमिनीवर, ऊन चढायच्या आत. खाऊ घालून पळवायचं नाही. पळून आल्यावर पाणी थोडं थोडं, भाकरी तासाभरानं. खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून पीळ पडतो, रिकामीच उबळ येते, काही पडत नाही. असं झालं तर रात्र काढायची नाही, त्याच रात्री गाडी करायची. पीळ पडल्यावर घरगुती उपाय नाही.

तिसरी, कुसळ. पावसाळा संपला की गवत वाळतं आणि कुसळं बोटांच्या बेचक्यात शिरतात. कुसळ एकाच दिशेनं जातं, आत आत. आमची हरणी आठवडाभर पंजा चाटत होती. चाटू दे, लाळेनं बरं होतंय म्हणून सोडून दिलं. पंजावर गाठ आली, फुटली, पू आला, डॉक्टरांनी चिरून बोटभर आतून कुसळ काढलं. आता रानातून आलं की आधी चारी पंजे बोटांनी उघडून बघतो, मग कान.

चौथी गोष्ट डॉक्टरांना आपणच आठवण करून द्यायची. या जातीच्या अंगात चरबी नाही, त्यामुळं काही भुलीची औषधं लवकर उतरत नाहीत. टाके घालायचे असले तरी मी आधी सांगतो, साहेब, हा कारवान आहे, भूल जपून.

हाक ऐकायची सवय दूध सुटल्यापासून लावावी लागते. मी शीळ घालतो आणि आलं की दरवेळी भाकरीचा तुकडा, म्हातारं झालं तरी. पण खरं सांगतो, समोर ससा उठला की कुठलाच कारवान शीळ ऐकत नाही, त्याचा जन्मच नजरेनं धरायचा आहे. म्हणून मोकळं सोडतो ते कुंपणाच्या आतच. सशामागं कुत्रं घालणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. आजोबांच्या काळात चालायचं, आता ते बंद झालं ते बरंच झालं.

रत्नागिरीहून

आमचा मोत्या जांभ्याच्या गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, तोंड खुपसून भुंकत होता. किंचाळून मागे आला. तासाभरात नाकाडाची एक बाजू सुजली, नंतर हिरडीतून रक्त. फुरसं साप असणार हे सासूबाईंनी ओळखलं. शेजाऱ्यांनी ब्लेडने चीर द्या, चुना लावा सुचवलं. काही केलं नाही. पट्टा तेवढा सोडला, कारण सूज गळ्यापर्यंत उतरते आणि पट्टाच फास होतो. चालू दिला नाही, चादरीत घालून उचलून नेला.

माणसांना देतात तीच सर्पविषाची लस कुत्र्याला चालते. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवर असते. पण प्राण्यांच्या दवाखान्यात ती असेलच असं नाही. आमची एक फेरी त्यात वाया गेली. तेव्हापासून कुठल्या डॉक्टरांकडे लस ठेवलेली आहे हे मे महिन्यातच फोन करून विचारून ठेवते.

नागपूरहून

आमच्याकडं पग आहे. मे महिन्यात दुपारी लाईट गेली, कूलर बंद. अर्ध्या तासात त्याची जीभ जांभळट, लाळ तारेसारखी घट्ट. दवाखान्यात ताप 107 निघाला. कुत्र्याचा साधा ताप 101 ते 102.5 असतो. घरून निघतानाच नळाच्या पाण्यानं पूर्ण भिजवून, गाडीचा एसी तोंडावर सोडून नेला होता, डॉक्टर म्हणाले त्यानंच वाचला. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, तो गरम होऊन उष्णता आत कोंडतो. चपट्या नाकाचं कुत्रं धापेनं अंग नीट थंड करू शकत नाही. विदर्भात असं कुत्रं आणताना माणसानं दहा वेळा विचार करावा. मी केला नव्हता.

डोंबिवलीहून

आमचा अनुभव पार्वोचा, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या विषाणूच्या जुलाबांचा. विकणाऱ्याने दोन डोस झालेत सांगून पुस्तिका दिली, तिच्यावर ना लसीचं स्टिकर ना डॉक्टरांची सही. पाचव्या दिवशी रक्ताची शी, आठव्या दिवशी पिल्लू गेलं. पुस्तिकेत बाटलीवरचं स्टिकर चिकटवलेलं नसेल तर डोस झाला नाही असंच समजा. हा विषाणू घरात महिनोन्‌महिने टिकतो, साध्या फिनेलने जात नाही, ब्लीच लागतं. दुसरं पिल्लू आणायला आम्ही वर्ष थांबलो. सोळा आठवड्यांचं होऊन सगळे डोस पुरे होईपर्यंत तिला सोसायटीच्या बागेत खाली ठेवलं नाही. पण कडेवर घेऊन रोज बाहेर नेलं, रिक्षा, ढोल, शाळेची मुलं सगळं दाखवलं. ते वय घरात कोंडून घालवलं तर पुढे भित्रं होतं.

ठाण्याहून

हे लिहू की नको असा तीन दिवस विचार केला. आमच्या बीगलने माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्या हाताला चावा घेतला.

त्याच्या दोन महिने आधीपासून तो डोक्याला हात लावला की गुरगुरायचा. एका प्रशिक्षकाला बोलावलं. त्याने सांगितलं, कुत्रा डोईजड झालाय, गुरगुरला की वर्तमानपत्राची सुरळी नाकावर मारा. आम्ही मारली. पंधरा दिवसांत गुरगुरणं थांबलं, आम्हाला वाटलं, सुधारला. मग मुलीने लाडाने कान कुरवाळला, आणि काहीही इशारा न देता तो चावला.

जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली. कुत्र्याला रेबीजची लस वेळेवर दिलेली होती, तरी मुलीला इंजेक्शनं दिली. यात तडजोड नाही.

घरचे म्हणत होते सोडून द्या. त्याआधी डॉक्टरांना दाखवला. त्यांनी कानात दुर्बीण घातली तर आतून पूर्ण सुजलेला, काळपट घाण, पडद्यापर्यंत. दोन महिने तो कान दुखतोय हेच सांगत होता. त्याच्याकडे सांगायला गुरगुरणंच होतं, तेही आम्ही मारून बंद केलं.

कान बरा व्हायला सहा आठवडे लागले. नवीन प्रशिक्षक बाईंनी सुरुवात कानापासून लांब केली. खांद्याला बोट लावायचं, चिकनचा तुकडा. मानेला, तुकडा. तोंड फिरवलं, ओठ चाटले, जांभई दिली की हात मागे. कानापर्यंत पोहोचायला दोन महिने गेले. मुलगी आता हात पुढे करून थांबते, तो जवळ आला तरच हात लावते. पुन्हा गुरगुरला तर मला बरंच वाटेल, निदान कळेल.

डिचोलीहून

आमची कुत्री सात वर्षांची, नसबंदी केली नव्हती. माज संपून महिना झाला आणि ती पाणी जास्त प्यायला लागली, दिवसाला भांडं तीनदा भरायला लागायचं. उकाड्याने असेल म्हटलं. शेपटीखाली चिकट डाग दिसला तो तिने चाटून साफ केला होता, म्हणून दोन दिवस कळलं नाही. गर्भाशयात पू झाला होता. रातोरात ऑपरेशन झालं. मादी पाळणाऱ्यांनी माजाची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि पुढचे दोन महिने पाण्याचं भांडं मोजा.

धागाकर्ती

ठाण्याच्या ताई, लिहिलंत म्हणून आभार. काल तुमचं वाचून चिंगीच्या कानाला हात लावला तेव्हा पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे बघत लावला. इतके दिवस मी फक्त गोचिड्या शोधत होते.

नाशिकहून

आमचा लॅब्राडोर बारा वर्षांचा. दीड वर्षापूर्वी बसताना ढुंगण एका बाजूला टाकायला लागला. म्हातारपण म्हणून सोडून दिलं होतं. हात फिरवला तर मागच्या मांड्या पुढच्या खांद्यांच्या निम्म्या झाल्या होत्या. पायाला कळ येते म्हणून तो सगळं वजन पुढे टाकत होता. खुब्याचे सांधे झिजलेले निघाले. वजन 41 किलो होतं, ते आठ महिन्यांत 33 वर आणलं. चपातीचे तुकडे बंद, त्याऐवजी गाजर, काकडी, दुधी. बिछान्यापासून भांड्यापर्यंत आणि दारापर्यंत फरशीवर रबरी पट्ट्या टाकल्या, बोटांमधले केस आणि नखं कापतो, म्हणजे घसरत नाही. माणसाची दुखण्यावरची गोळी कधीच दिली नाही, आमच्या ओळखीत एकाने दिली आणि कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव झाला.

गच्चीवर जायला त्याला फार आवडतं. पूर्वी मी खालून ढकलून चढवायचो. आता तो जितक्या पायऱ्या चढेल तितक्याच. काल चौथ्या पायरीवर थांबला आणि माझ्याकडे बघितलं. तिथेच बसलो दोघं, ऊन येत होतं.