अनुभव धागा: चैत्रातली सांदवाडी – तुमच्याकडे सध्या कोण येतंय?

होळी झाली की आमच्या यवतमाळकडच्या गावात शेतं रिकामी होतात, नाले आटतात आणि पाखरं-किडे घराच्या मागच्या बाजूला सरकतात. न्हाणीचं पाणी मुरतं तिथे सगळ्यात जास्त वर्दळ. तुमच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, काय दिसतंय ते लिहा. नाव माहीत नसेल तर नुसतं वर्णन करा.

सुरुवात मी करतो, कुंभारणीपासून, म्हणजे मातीचं घरटं बांधणाऱ्या गांधीलमाशीपासून. न्हाणीजवळच्या ओल्या मातीची गोळी तोंडात धरून ती टिनाखालच्या लाकडाला लावते. खोली बांधून झाली की कोळी आणते. डंखाने लुळे पडलेले, पण जिवंत. म्हणून ते सडत नाहीत. एका खोलीत एकच अंडं घालते आणि तोंड लिंपून टाकते. अळी निघते तेव्हा शिदोरी शेजारीच असते. घर रंगवताना लोक ही घरटी खरवडून काढतात, ते मला अजिबात पटत नाही. डिवचल्याशिवाय ती कुणाला चावत नाही.

वरूडकडून
आमचा संत्र्याचा पट्टा, त्यामुळे लिंबाच्या फुलपाखराची अळी म्हणजे बागेची शत्रू. लहानपणी ती थेट पाखराच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार. बोट लावलं तर डोक्यामागून केशरी शिंगं काढते आणि उग्र वास सोडते. बागेतल्या अळ्या वेचाव्याच लागतात, पण परसातल्या कढीलिंबावरच्या मी राहू देते. बुलबुलाची पिल्लं त्यावर वाढतात. २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरलेल्या नीलवंताच्या अळ्याही लिंबू-संत्र्याच्याच पानांवर जगतात. म्हणून फवारणी करताना घरामागचं एखादं झाड तरी सोडा.

दर्यापूरहून
आमच्या वाडीत शेवग्याची वाळकी फांदी होती. बावा तोडाले निघाले, मी म्हनलं राहू द्या. आता त्याच फांदीले खालून गोल भोक पाडून तांबट राहून रायला. भर उन्हात टुक टुक टुक चालूच. पाह्यलं तर चोच बंद, नुसता गळा फुगते!

भंडाऱ्याहून
आमच्याकडे कोकिळेची जोडी. कुहू करतो तो नर, काळाभोर, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची. तिला बरेच जण वेगळाच पक्षी समजतात. आमच्या आंब्यावर कावळ्यांचं घरटं आहे, त्यामुळे दोघंही सकाळपासून घुटमळत असतात.

हिंगणघाटजवळून
डाळिंबाच्या फांदीला शिंजिराचं घरटं लोंबतंय. कोळ्याचं जाळं, सालीचे तुकडे, वाळका पाला, आणि दारावर छोटीशी पडवीसुद्धा! बांधलं सगळं मादीनेच. नर जांभळा चमकत आसपास गात होता. पिल्लं निघाल्यावर मात्र तोही चारा आणू लागला. जाळी-जळमटं काढायची आम्ही सध्या थांबवली आहेत. तिला ती लागतात.

पुन्हा यवतमाळकडून
पाणी ठेवणाऱ्यांना एक सांगणं. खोल भांडं नको, मातीची पसरट परळ घ्या आणि मधे खडबडीत दगड ठेवा. मधमाश्या दगडावर बसून पाणी पितात, नाहीतर बुडून मरतात. परळ सावलीत, पण झुडपापासून जरा लांब ठेवा. मांजर दबा धरून बसते. दर दोन दिवसांनी घासून पाणी बदला, म्हणजे डासांच्या अळ्या होणार नाहीत. गोंदिया-गडचिरोलीकडून अजून कुणी लिहिलं नाही. मोहफुलांवर सध्या कोण कोण येतंय, ते कळवा.