मार्चअखेर भिगवणला पक्षी बघायला आईला नेऊ का, की उशीर झाला?

सुनंदा, हडपसर
आई ७४ वर्षांची. गुडघे दुखतात, पण नजर पक्की आहे, दोन्ही मोतीबिंदू गेल्या वर्षी काढलेत. तिचं माहेर करमाळ्याकडचं, भीमेच्या काठचं. उजनी धरणात गाव बुडालं, तेव्हापासून ती त्या पाण्याकडे फिरकलीच नाही. यंदा स्वतःहून म्हणाली, "ते हिमालय ओलांडणारे हंस दाखव मला." जानेवारीत ठरवलं होतं, पण तिला खोकला झाला. आता २८ मार्च जमतोय. सगळे म्हणतात, पक्षी गेले. खरंच काही उरलं नसेल का? आणि तिला होडीत बसता येईल का?

टिलवा
गेल्या रविवारी भिगवणजवळ उजनीच्या काठी कुंभारगावला होतो. पट्टकादंब, म्हणजे तुमचे हिमालय ओलांडणारे हंस, एकही दिसला नाही. तेवढ्यासाठीच जाणार असाल तर पुढचा जानेवारी बघा.

भीमाकाठ
ताई, नक्की या. पट्टकादंब निघून गेले हे खरं. ते तिबेट-मंगोलियाकडे विणीला जातात, वाटेत हिमालयावर त्यांची उंची सात हजार मीटरच्या वर नोंदली गेली आहे. पण मार्चअखेर जे दिसतं ते जानेवारीत दिसत नाही.

कुरव (गल पक्षी) बघा. थंडीत त्यांचं डोकं पांढरं असतं, कानामागे फक्त काळसर ठिपका. आता ते तपकिरी होत चाललंय. एकाच थव्यात कुणाचं पूर्ण झालेलं, कुणाचं अर्धं. उरलेल्या लांब चोचीच्या गॉडविट पक्ष्यांच्या मानेवर विटकरी रंग चढतोय. चिमणीएवढा छोटा टिलवा पक्षीही तांबूस झालाय, आणि त्याला थेट उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रात जायचंय. चिखलात चोच खुपसून दिवसभर खातात, ती वाटेची शिदोरी असते. सगळी चरबी अंगावर चढवायची असते.

म्हणूनच एक विनंती. थवा उडतानाचा फोटो हवा म्हणून होडी अंगावर घालायला सांगू नका. बारा वर्षांपूर्वी मीच तसं सांगितलं होतं. रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) सगळा थवा उठला, दोनदा घिरट्या घालून लांब पलीकडे जाऊन बसला. फोटो चांगला आला, पण मी तो आजवर कुणाला दाखवला नाही. कुरवांना शेव-फरसाणही टाकू नका.

रोहित भेटतील. ते सायबेरियाचे नाहीत, आपल्या कच्छच्या रणात वीण घालतात. पाणी उतरून चिखल उघडा पडला की उन्हाळ्यातही इथे थांबतात.

सुनंदा, हडपसर
वाचून दाखवलं, आई ऐकत होती. होडीचं सांगाल का?

भीमाकाठ
पाणी मागे सरलंय, त्यामुळे होडीपर्यंत थोडं चिखलातून चालावं लागेल. नावाड्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, तो हात धरून बसवतो. पाठ टेकायला प्लॅस्टिकची खुर्ची ठेवायला सांगा. सहाला पाण्यावर असा. नऊनंतर ऊन तापतं, दुर्बिणीत सगळं थरथरायला लागतं.

टिलवा
माझं आधीचं उत्तर घाईचं होतं. परतताना पळस फुललेला दिसला तर गाडी थांबवा. भोरड्या (गुलाबी मैना) मध खायला उतरलेल्या असतात, नर आता चांगले गुलाबी झालेत. एप्रिलमध्ये त्याही मध्य आशियाकडे निघतील.

सुनंदा, हडपसर
जाऊन आलो. खुर्चीमुळे आई दोन तास बसू शकली. रोहित दीडेकशे असतील, आम्ही लांबच थांबलो. एक कुरव अगदी जवळच्या बांबूवर बसला होता, डोकं अर्धं तपकिरी. आई म्हणाली, "याची तयारी व्हायचीये अजून."

नंतर तिने नावाड्याला विचारलं, उजनीत बुडालेलं पळसदेवचं देऊळ कुठल्या बाजूला. त्याने वल्ह्याने दाखवलं. ती बराच वेळ तिकडे बघत राहिली, मग तिच्या गावाची दिशा तिनेच आम्हाला दाखवली. तिथे पाण्यावर नदी सुरय पक्षी घिरट्या घालत होते. पट्टकादंबांसाठी जानेवारीत पुन्हा जायचं ठरलंय, नावाड्याचा नंबर आईने स्वतःच्या वहीत उतरवून घेतलाय.